पाथरवटाच्या हातावरून थडग्याचं वय : न्यूपोर्टची गोष्ट

हा आजच्या भागाचा लिखित मजकूर. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, आणि ज्यांनी "इंग्रजी नावं कानावरून निसटतात, लिहून द्या" असं सांगितलं होतं, त्यांच्यासाठी.

प्रश्न साधा आहे. समजा समोर एक थडगं आहे. दगड आहे, पण खालचा अर्धा भाग तुटून गेलाय. वर एक गोल चेहरा आणि दोन्ही बाजूंना पंख, बस. नाव नाही, तारीख नाही. हे कधीचं, हे कसं ठरवायचं?

बहुतेकांना वाटतं की उकरायचं, हाडं काढायची, प्रयोगशाळेत पाठवायची. एक तर हे करायला सहसा परवानगी मिळत नाही, आणि मिळू नये असंच त्या माणसाच्या वंशजांना वाटतं. दुसरं म्हणजे कार्बनवरून वय काढण्याची पद्धत गेल्या तीनशे वर्षांसाठी फार बोथट आहे, तिचं उत्तर शंभर-दोनशे वर्षांत पसरतं. त्याहून बारीक उत्तर देणारा एक साक्षीदार मात्र समोरच उभा असतो, तो म्हणजे दगड. आणि दगड घडवणारा पाथरवट सापडला, तो कधी शिकला, कधी कामाला लागला, कधी थांबला हे कळलं, तर तारीख नसलेल्या दगडाचं वय दहा-वीस वर्षांच्या चौकटीत आणता येतं.

ही पद्धत जिथे सगळ्यात जास्त घासून-पुसून वापरली गेली, त्या गावाबद्दल आज बोलू. गाव न्यूपोर्ट. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरचं ऱ्होड आयलंड नावाचं चिमुकलं राज्य, त्यातलं हे बंदर.

गाव, बंदर आणि कबरस्तान

न्यूपोर्टमध्ये फेअरवेल स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. योगायोग बघा, निरोपाचा रस्ता, आणि त्याच्या कडेला गावाचं जुनं सार्वजनिक कबरस्तान, कॉमन बरिंग ग्राउंड. सुरुवात १६४० च्या सुमाराची. त्याच्या एका कडेच्या भागाला 'गॉड्स लिटल एकर' म्हणतात, म्हणजे देवाचा छोटा तुकडा. या भागात गावातल्या आफ्रिकी लोकांना पुरलं जायचं. गुलामांना, आणि पुढे स्वतंत्र झालेल्यांनाही.

आता गुलाम इथे आले कुठून? अठराव्या शतकातलं न्यूपोर्ट हे उत्तर अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतींमधलं गुलामांच्या व्यापाराचं प्रमुख बंदर होतं. इथे काकवीपासून रम गाळायची, ती रम जहाजात भरून आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर न्यायची, तिच्या बदल्यात माणसं घ्यायची, ती माणसं बहुतेक कॅरिबियन बेटांवर विकायची आणि काकवी घेऊन परत यायचं. १७०९ ते १८०७ या काळात ऱ्होड आयलंडच्या जहाजांनी अशा नऊशेहून जास्त सफरी केल्या आणि एक लाखाहून जास्त माणसं आफ्रिकेतून उचलली. त्यातली थोडी न्यूपोर्टमध्येच राहिली, व्यापाऱ्यांच्या घरात, गोदीवर, कारखान्यांत. १७७४ च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या नऊ हजारांच्या आसपास होती आणि त्यात हजाराहून जास्त लोक आफ्रिकी वंशाचे होते.

हजार लोक म्हणजे पिढ्यान्पिढ्या मिळून कितीतरी मृत्यू. पण गॉड्स लिटल एकरमध्ये आज दगड उरलेत ते साधारण तीनशेच्या आत. बाकीच्यांच्या डोक्याशी लाकडी फळी असेल, शेतातला न घडवलेला धोंडा असेल, किंवा काहीच नसेल. लाकूड कुजलं, धोंडे इकडचे तिकडे झाले. म्हणून इथे एका अर्ध्या तुटलेल्या दगडाचंही मोल फार आहे. ज्या माणसाची जन्मनोंद नाही, ज्याचं आडनाव मालकाचं आहे, त्याच्यासाठी तो दगड म्हणजे पुष्कळदा एकमेव कागद.

थेम्स स्ट्रीटवरचा कारखाना

याच गावात १७०५ साली जॉन स्टीव्हन्स नावाच्या इंग्लंडहून आलेल्या पाथरवटाने थेम्स स्ट्रीटवर दुकान टाकलं. ते दुकान आजही चालू आहे. हो, खरंच. स्टीव्हन्स घराण्याकडे ते दोनशे वर्षांहून जास्त काळ राहिलं. १९२७ साली जॉन हॉवर्ड बेन्सन यांनी ते विकत घेतलं आणि तेव्हापासून ते बेन्सन घराण्याकडे आहे. अध्यक्ष केनेडींच्या आर्लिंग्टनच्या समाधीवरची अक्षरं याच दुकानातल्या हातांनी कोरली.

अठराव्या शतकात इथे बाप, मुलगे, नातू सगळे दगडावर काम करायचे. दगड कुठला? स्लेट. आपल्याकडे शाळेत पाटी असायची ना, त्याच जातीचा. काळपट, बारीक पोताचा, थरांचा. हा दगड उन्हापावसाला आणि बर्फाला चांगला टिकतो. म्हणून अडीचशे वर्षांपूर्वीचा छिन्नीचा घाव आजही धारदार दिसतो. नंतरच्या शतकात लोकप्रिय झालेला पांढरा संगमरवर मात्र पावसात साखरेसारखा झिजतो, अक्षरं पुसट होतात. हासुद्धा वयाचा पहिला, ढोबळ पुरावा: न्यूपोर्टमध्ये काळा स्लेट दिसला तर आधी अठरावं शतक मनात धरायचं, पांढरा संगमरवर दिसला तर एकोणिसावं.

पण "अठरावं शतक" हे उत्तर म्हणून फारच जाड झालं. बारीक कसं करायचं?

पंखवाली कवटी, पंखवाला चेहरा, विलोचं झाड

इथे दोन संशोधनं महत्त्वाची.

पहिलं १९६० च्या दशकातलं. जेम्स डीट्झ आणि एडविन डेथलेफसेन या दोघांनी मॅसॅच्युसेट्समधली जुनी कबरस्तानं घेतली आणि प्रत्येक दगडावरचं चिन्ह आणि साल यांची मोजदाद केली. चिन्हं मुख्यतः तीन. सतराव्या शतकाच्या शेवटापासून पंखवाली कवटी, दात विचकलेली. मग अठराव्या शतकात हळूहळू पंखवाला मानवी चेहरा, देवदूतासारखा. आणि शतक उलटता उलटता कलश आणि त्यावर झुकलेलं विलोचं झाड. दर दहा वर्षांत कुठलं चिन्ह किती दगडांवर, याचा आलेख काढला तर प्रत्येक चिन्ह बारीक सुरू होतं, फुगतं आणि पुन्हा बारीक होत संपतं. आकार थेट युद्धनौका वरून बघितल्यासारखा. गंमत म्हणजे त्यांना हे चिन्हांचं वय शोधायचं नव्हतं. साल कोरलेले दगड असल्यामुळे त्यांना पुरातत्त्वातली एक नेहमीची पद्धत, शैलीवरून कालक्रम लावणं, खरंच चालते का ते तपासायचं होतं. चालते, असं दिसलं.

पण एक मेख आहे. हा क्रम सगळीकडे एकाच वेळी घडला नाही. शहरात नवीन चिन्ह आधी आलं, आडगावी वीस-तीस वर्षांनी पोचलं. आणि न्यूपोर्टमध्ये तर पंखवाले चेहरे बॉस्टनच्या आसपासच्या गावांपेक्षा आधीच रुळले होते. म्हणजे बॉस्टनचं कोष्टक न्यूपोर्टच्या दगडाला लावलं तर उत्तर चुकणारच. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर दुसऱ्या सर्व्हरचं घड्याळ वापरून आपल्या लॉगची वेळ ठरवण्यासारखं आहे ते. घड्याळ स्थानिकच पाहिजे. आणि स्थानिक घड्याळ म्हणजे स्थानिक पाथरवट.

दुसरं संशोधन त्याच्याही चाळीस वर्षं आधीचं आणि एका बाईंचं. हॅरिएट मेरीफील्ड फोर्ब्स, मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरच्या. विद्यापीठाची नोकरी नाही, कसलं पद नाही. कॅमेरा घेऊन गावोगावची कबरस्तानं फिरल्या, काचेच्या निगेटिव्हवर शेकडो फोटो काढले आणि १९२७ साली न्यू इंग्लंडचे जुने थडग्यांचे दगड आणि ते घडवणारी माणसं यांवर पुस्तक काढलं. तोपर्यंत हे दगड म्हणजे निनावी लोककला असं धरलं जायचं. फोर्ब्स बाईंनी शंभराहून जास्त कारागिरांची नावं शोधून काढली.

कशी काढली? ही युक्ती मला फार आवडते. माणूस वारला की त्याच्या मालमत्तेचा हिशोब न्यायालयात दाखल व्हायचा. त्या हिशोबात खर्चाच्या ओळी असायच्या: डॉक्टरला इतके, शवपेटीला इतके, अंत्यविधीच्या दारूला इतके, आणि अमुक अमुक माणसाला थडग्याच्या दगडासाठी इतके. आता त्या मेलेल्या माणसाचा दगड कबरस्तानात उभा असेल, तर तो दगड कोणी घडवला हे पक्कं झालं. असे एकाच कारागिराचे पाच-सहा दगड पक्के झाले की त्याची अक्षरं, त्याचे पंख, त्याच्या किनारीची वेल ओळखीची होते. मग ज्या दगडाचा हिशोब नाही तोही ओळखता येतो. कागदावरून दगड, दगडावरून हात, हातावरून दुसरा दगड.

न्यूपोर्टसाठी हे काम पुढे व्हिन्सेंट ल्यूटी यांनी केलं. अठराव्या शतकातल्या न्यूपोर्टच्या कारागिरांवरचं त्यांचं 'मॅलेट अँड चिझल' हे पुस्तक २००२ साली आलं. इथे आणखी एक फायदा होता, तो म्हणजे स्टीव्हन्सच्या दुकानाची जुनी खातेवही टिकली आहे.

कारखान्याचा हात की माणसाचा हात?

इथपर्यंत सरळ वाटतं. आता अडचण.

एका दुकानात बाप, दोन-तीन मुलगे, एखादा शिकाऊ पोरगा आणि गुलाम असे सगळे मिळून काम करत असतील, तर "हा स्टीव्हन्सचा दगड" म्हणजे नेमका कोणाचा? दुकानाचे ठरलेले नमुने असायचे. शिकाऊ मुलगा तोच नमुना गिरवायचा. आमच्याकडे कंपनीची कोड लिहिण्याची पद्धत ठरलेली असते, स्पेस किती, नावं कशी, सगळं. त्यामुळे दहा जणांचा कोड वरून सारखाच दिसतो. पण टीममध्ये वर्षभर काढलं की नाव न बघताही कळतं, हे कोणी लिहिलंय. कारण जिथे नियम लागू होत नाहीत तिथे माणूस उघडा पडतो.

दगडातही तसंच. एकोणिसाव्या शतकात इटलीतल्या जोव्हान्नी मोरेल्लीने चित्रकार ओळखण्यासाठी हाच मार्ग सांगितला होता: चेहऱ्याचा भाव बघू नका, तो नक्कल करता येतो, कानाची पाळी आणि बोटांची नखं बघा, ती चित्रकार न बघता काढतो. थडग्याच्या दगडावर ही "नखं" म्हणजे सात या आकड्याची शेपटी, डोळ्याच्या बाहुलीचं भोक, दोन शब्दांमधली जागा, ओळ संपत आली आणि शब्द मावत नसला की कारागीर काय करतो ते. कोणी अक्षरं दाबून बसवतो, कोणी उरलेलं अक्षर वर चढवतो. ही सवय आयुष्यभर सुटत नाही.

म्हणून तीन पायऱ्या वेगळ्या ठेवायच्या. पहिली, दुकान कुठलं. दुसरी, हात कुठला. तिसरी, त्या हाताचं नाव काय. पहिली पायरी बऱ्याचदा पक्की होते. दुसरी कधी कधी. तिसरी फार क्वचित. आणि या तिसऱ्या पायरीवरच न्यूपोर्टची सगळ्यात हलवून टाकणारी गोष्ट आहे.

पॉम्पी स्टीव्हन्सची सही

त्या काळातले कारागीर दगडावर सही जवळजवळ करत नसत. पण गॉड्स लिटल एकरमध्ये कफी गिब्स नावाच्या माणसाचा दगड आहे. मृत्यू २७ डिसेंबर १७६८, वय ४०. आणि त्यावर स्पष्ट कोरलंय की हा दगड पॉम्पी स्टीव्हन्सने आपल्या भावाच्या, कफी गिब्सच्या, आठवणीसाठी घडवला.

एकेक शब्द सावकाश बघू.

कफी हे नाव मूळचं कोफी. आजच्या घाना देशाच्या बाजूच्या अकान लोकांमध्ये शुक्रवारी जन्मलेल्या मुलाचं नाव. पॉम्पी हे रोमन सेनापतीचं नाव, गुलामांना अशी भारदस्त रोमन नावं ठेवायची मालकांना हौस होती. एका भावाचं आडनाव गिब्स, दुसऱ्याचं स्टीव्हन्स. दोघांची आडनावं वेगळी, कारण दोघांचे मालक वेगळे. कुठल्याही सरकारी कागदाला हे दोघे भाऊ असल्याचं सांगायची गरज नव्हती. कायद्याच्या दृष्टीने ते दोन वेगळ्या घरांतल्या दोन वस्तू होत्या. त्यांचं नातं सांगणारा कागद म्हणजे हा दगड. आणि तो कोरायला ज्याच्या हातात छिन्नी होती, तो स्वतः गुलाम होता, स्टीव्हन्स पाथरवटांच्या दुकानातला.

दुसरा दगड पॉम्पी लिंडन नावाच्या लहान मुलाचा. नाव तेच, माणूस वेगळा. हा १७६५ साली गेला, आणि त्याच्या दगडावर 'पी. एस.' या आद्याक्षरांची सही आहे. त्या घराचा मालक जोसायस लिंडन, जो पुढे १७६८ साली ऱ्होड आयलंडचा गव्हर्नर झाला. याच घरातली फिलिस नावाची गुलाम स्त्री १७७३ साली वारली. तिच्या दगडावर नेहमीचा पंखवाला चेहरा नाही, तर कुशीत तान्हं बाळ घेतलेली बाई कोरली आहे. फिलिसचा नवरा झिंगो स्टीव्हन्स, तोही त्याच पाथरवटांच्या घरातला. पूर्वी काही अभ्यासक पॉम्पी आणि झिंगो हा एकच माणूस मानत. नंतरच्या संशोधनात ते दोन वेगळे कारागीर असल्याचा युक्तिवाद झाला आहे.

एक माणूस की दोन, याने थडग्याच्या तारखेला काय फरक पडतो? खूप पडतो. एकच माणूस धरला तर त्याच्या कामाची वर्षं लांबतात, त्याच्या नावावर लावता येणारे दगड वाढतात, आणि तारीख नसलेल्या दगडाची चौकट सैल होते. दोन धरले तर प्रत्येकाची चौकट आवळते. म्हणजे पाथरवटाचं चरित्र चुकलं की थडग्याचं वयही चुकतं. डेटाबेसमध्ये दोन ग्राहकांची खाती चुकून एक झाली की पुढचे सगळे हिशोब बिघडतात ना, तसंच.

मग तुटलेल्या दगडाचं वय काढूया

आता सुरुवातीचा तो अर्धा दगड पुन्हा घ्या. समजा तो गॉड्स लिटल एकरमध्ये आहे, आणि पंख, डोळे, किनार हे सगळं १७६५ आणि १७६८ च्या सही केलेल्या दगडांशी जुळतंय. काय म्हणता येईल?

एक, खुंटे ठोकायचे. १७६५ आणि १७६८ हे दोन पक्के खुंटे. त्यांच्याशी जितकं जास्त साम्य, तितकी तारीख त्यांच्या जवळ. पण साम्य मोजताना नक्षीपेक्षा "नखं" जास्त मोजायची.

दोन, गावाचा इतिहास लावायचा. डिसेंबर १७७६ ते ऑक्टोबर १७७९ न्यूपोर्ट ब्रिटिश सैन्याच्या ताब्यात होतं. हजारो लोक गाव सोडून गेले, व्यापार बसला. अशा काळात दगडाला पैसे देणारे गिऱ्हाईक किती असणार? त्यामुळे पाथरवटाच्या कामात इथे एक खड्डा अपेक्षित धरायचा.

तीन, अक्षरं आणि कॅलेंडर. १७५२ पर्यंत इंग्रजी वसाहतींत कायदेशीर नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. म्हणून जानेवारी ते मार्चमधल्या मृत्यूला दगडावर जोडसाल दिसतं, १७३१/२ असं. दगडाच्या तुकड्यावर नुसता आकड्याचा शेवट आणि तिरकी रेघ उरली असली, तरी तो १७५२ च्या आधीच्या हिवाळ्यातला मृत्यू असण्याची शक्यता बळावते. तसंच जुन्या इंग्रजीतला लांब 'एस' एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला वापरातून गेला.

चार, शेजारी. थडगी बऱ्याचदा ओळीने आणि कुटुंबाने भरत जातात. एका बाजूला १७६३ आणि दुसऱ्या बाजूला १७७१ चा दगड असेल, तर मधलं थडगं त्या दरम्यानचं असण्याचा संभव वाढतो. ज्या थडग्याला दगडच नाही, त्याच्यासाठी तर हाच मुख्य मार्ग. म्हणून आजूबाजूच्या दगडांचे कारागीर ओळखणं हे दगड नसलेल्या माणसासाठीही काम असतं.

पाच, कागद. चौकट मिळाली की मग चर्चच्या नोंदी, मालकाच्या घरचे हिशोब, दुकानाची खातेवही, आणि १७८० नंतर असेल तर 'फ्री आफ्रिकन युनियन सोसायटी'चे कागद. न्यूपोर्टच्या आफ्रिकी लोकांनी १७८० साली ही स्वतःची मदत-संस्था काढली आणि आपल्या लोकांच्या जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदी आपणच ठेवायला सुरुवात केली. ऱ्होड आयलंडचा हळूहळू गुलामी संपवणारा कायदा त्यानंतर, १७८४ चा. म्हणजे सरकारच्या आधी त्यांनीच स्वतःची मोजदाद सुरू केली होती.

इथे चौकटीचा खरा उपयोग कळतो. "अठराव्या शतकातला मृत्यू" एवढ्यावर नोंदी शोधायला गेलात तर हजारो नावं निघतील. "१७६० ते १७७५, अमुक दुकानाचा दगड, अमुक ओळीत" म्हटलं तर मोजकी नावं उरतात. मोजक्या नावांमधून एका माणसापर्यंत पोचता येतं. तारीख हा नावाकडे जायचा रस्ता आहे.

चार सापळे

हे सगळं ऐकून कोणी उत्साहात जवळच्या कबरस्तानात निघाला असेल, तर थांबा.

पहिला सापळा: दगडाचं साल आणि दगड घडवल्याचं साल वेगळं असू शकतं. फाइलला जसं 'तयार केली' आणि 'बदलली' अशा दोन तारखा असतात. घरात पैसे आले की दहा-वीस वर्षांनी आई-बापांचा दगड बसवायचे. न्यूपोर्टमध्येच लँग्ली कुटुंबाच्या सहा मुलांचा एकच लांबलचक दगड आहे, वर ओळीने सहा चेहरे. सहाही मुलं गेल्यावरच तो घडला, म्हणजे त्यावरचा पहिला मृत्यू हे दगडाचं वय नाही.

दुसरा: तयार माल. पाथरवट फावल्या हिवाळ्यात पंख-चेहरे कोरून दगड ठेवून द्यायचे, नावाची जागा कोरी. गिऱ्हाईक आलं की नाव-तारीख घालायची. म्हणजे वरची नक्षी आणि खालची अक्षरं यांत काही वर्षांचं अंतर, आणि कधी हातही दोन वेगळे.

तिसरा: दगड हलतात. बॉस्टनच्या ग्रॅनरी कबरस्तानात तर दगड सरळ रांगांत लावून टाकले, गवत कापायला सोपं जावं म्हणून. अशा ठिकाणी शेजाऱ्यावरून वय काढणं म्हणजे मोडलेल्या क्रमाच्या यादीत क्रमांक शोधणं. त्यात पायाकडचा छोटा दगड, ज्यावर नुसती आद्याक्षरं असतात, तो एकाचा दुसऱ्याकडे गेलेला असणं तर नेहमीचंच.

चौथा आणि माझ्या मते सगळ्यात मोठा: आपली इच्छा. पॉम्पीची गोष्ट इतकी जवळची वाटते की प्रत्येक जरा वेगळा दगड त्याच्या नावावर लावावासा वाटतो. तो मोह टाळायला हवा. ज्या माणसाने दोन ठिकाणी आपलं नाव कोरायची हिंमत केली, त्याच्या नावावर पन्नास अंदाज चढवले तर त्या दोन खऱ्या सह्यांची किंमत कमी होते. आणि ज्या इतर गुलाम हातांनी त्या दुकानात काम केलं असेल, त्यांची ओळख आपण पुन्हा एकदा पुसून टाकतो, या वेळी कौतुकाच्या नावाखाली.

म्हणून चांगले अभ्यासक दगडाच्या नोंदीत काय लिहितात बघा: "स्टीव्हन्सचं दुकान, साधारण १७६० ते १७७५". कारागिराच्या नावाचा रकाना ते पुरावा असेल तरच भरतात. मला हे फार प्रामाणिक वाटतं. आमच्या क्षेत्रात रकाना रिकामा दिसला की कोणीतरी काहीतरी भरून टाकतं, फॉर्म पुढे जावा म्हणून. इथे रिकामा रकाना म्हणजे "इथे कोणीतरी होतं, त्याची जागा राखून ठेवली आहे" अशी नोंद असते.

ज्यांना हे दगड स्वतः बघायचेत त्यांच्यासाठी: वूस्टरच्या अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटीने फार्बर संग्रह ऑनलाइन खुला केलाय, त्यात न्यू इंग्लंडच्या हजारो दगडांचे फोटो आहेत. कफी गिब्सचा दगड शोधा आणि आधी मजकूर वाचू नका. आधी सात आकड्याची शेपटी बघा, ओळींच्या शेवटी अक्षरं कशी बसवलीत ते बघा. मग त्या दुकानाचे त्याच दशकातले दुसरे चार दगड उघडा आणि फरक लिहून काढा. काय दिसलं ते मला कळवा, पुढच्या भागाच्या सुरुवातीला त्यातलं निवडक वाचून दाखवेन.

तोपर्यंत, काळजी घ्या. भेटू.